नवा मासा सोडण्याआधी

मी त्या घरात सून म्हणून गेले तेव्हा तिथे तीन माणसं राहत होती, पण जागा चौथीनं अडवली होती. ती माझ्या नवऱ्याची पहिली बायको. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. साल अठ्ठावन्न असावं. पांढरकवड्यात आमची वस्ती जिथे नागपूर-हैदराबाद रस्त्याला टेकते, तिथे माझ्या नवऱ्याचं तसबिरी मढवायचं दुकान होतं आणि दुकानामागे दोन खोल्या. घरात ते, त्यांची म्हातारी आई आणि आठ वर्षांची मुलगी. मी फुलसावंगीची. उजव्या डोळ्यात फूल पडलेलं, विशी उलटलेली आणि जीभ तिखट, म्हणून बिजवराला दिली. हे मी कुरकुरत सांगत नाही. माणूस भला होता, निर्व्यसनी होता. आणि माझ्या भावजयीनं परतीचं दार इतक्या घाईनं लावून घेतलं होतं की मला दुसरी वाटच नव्हती. मला त्याच घरात राहायचं होतं. पण त्या घरात माझ्यासाठी जागा कुठे आहे, हे मला कुणी दाखवत नव्हतं.

आमच्याकडे पूर्वी एक रीत होती. दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधायचे. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बोटाच्या पेराएवढी बाईची आकृती. नवं लुगडं नेसायचं तर आधी टाकाला दाखवायचं, गोडधोड केलं तर आधी टाकाला. मेलेली सवत त्यानं सुखी राहते आणि नवीला त्रास देत नाही, अशी समजूत. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या लोकांनी हे सगळं सोडलं. माझं लग्न पांढऱ्या लुगड्यात, बुद्धवंदना म्हणून झालं. तरी सासूबाईंचं मन मानत नव्हतं.

"एक टाक करून आन बाप्पा," त्या लेकाला म्हणाल्या. "लुगड्याच्या आत राह्यते. कोनाले दिसते?"

"दीक्षा घेतली तवा काय बोललो आपन, माय? बोललो ते बोललो."

एवढं बोलून ते दुकानात निघून गेले. मला त्यांचा अभिमान वाटला आणि सुटल्यासारखंही वाटलं. महिनाभरात कळलं की सुटका वगैरे काही झाली नव्हती. ती माझ्या गळ्यात नव्हती, पण घरभर होती.

ती डावखुरी होती. हे मला कुणी सांगितलं नाही, तिच्या चुलीनं सांगितलं. पाण्याची घागर चुलीच्या डाव्या हाताला, मिठाचं गाडगं डाव्या हाताला, पळी-उलथण्याची खुंटीसुद्धा डावीकडे. उजवीकडे भिंत. मी उजव्या हाताची. भाकर तव्यावर असताना पाण्यासाठी हात आडवा घालावा लागे आणि मनगट तव्याच्या कडेला पोळे. एकदा मी मिठाचं गाडगं उचलून भिंतीलगत उजवीकडे ठेवलं. दुपारी पाहते तर ते पुन्हा डावीकडे. दुसऱ्या दिवशी ठेवलं, पुन्हा तेच. पोरगी तोंडानं काही बोलत नसे. शाळेतून आली की आधी चुलीपाशी जाऊन गाडगं जागेवर ठेवी आणि मग खांद्यावरची पिशवी उतरवी.

माझ्या हातचं ती जेवतही नव्हती. म्हातारी तिच्यापुरती जाडजूड भाकर भाजून द्यायची. म्हातारीला धड दिसत नसे, त्यामुळे अर्धी कच्ची, अर्धी करपलेली. ती पोरगी तेलमिठाशी खायची आणि उठायची. तिच्या हाताच्या काड्या व्हायला लागल्या. पाण्यावर बायका मला ऐकू येईल अशा बेतानं बोलत, "सावत्र आली अन् पोरगी सुकली." त्यांचं तोंड कसं धरणार? पोरगी अशीच वाळत राहिली असती तर नाव माझं झालं असतं आणि घर तिच्या आईचं राहिलं असतं. आधी मला पोरीचा राग येई, मग तिच्या गळ्याची हाडं दिसली की भीती वाटे.

आतल्या खोलीत खिडकीपाशी एक रिकामी खाट होती. तिच्यावर कुणी झोपत नसे, कुणी बसतही नसे. खाटेच्या बाजूला लाकडी खोक्यावर माशांची काचपेटी होती.

त्या पेटीची गोष्ट अशी. दीक्षेनंतर वस्तीतल्या लोकांनी घरातल्या देवांच्या तसबिरी उतरवल्या. चित्रं नदीत सोडली आणि चौकटी, काचा माझ्या नवऱ्याकडे आणून टाकल्या, कारण त्या बहुतेक त्यांनीच मढवलेल्या होत्या. काही चौकटींत बुद्धाचं चित्र बसवून त्या परत नेल्या, पण काचांचा ढीग उरला. त्याच सुमाराला पहिलीला खोकल्याचं दुखणं लागलं आणि ती खाटेला खिळली. बाहेर नेता येत नव्हतं. नागपूरला तिला दाखवायला नेलं तेव्हा त्या दवाखान्यात यांनी माशांची काचपेटी पाहिली होती. आल्यावर त्यांनी ढिगातल्या काचा निवडल्या. तसबिरीची काच पातळ, पाण्याच्या भाराला टिकत नाही. म्हणून दोन-दोन काचा पाठीला पाठ लावून जाड केल्या, टिनाच्या पट्टीची चौकट जोडून घेतली, आतून डांबर भरलं. पहिल्यांदा सगळं पाणी जमिनीवर आलं. दुसऱ्यांदा थेंब-थेंब गळालं. तिसऱ्यांदा टिकलं. मग गावच्या खुनी नदीच्या डोहातून पंच्यात धरून मासे आणले. तिला पडल्या पडल्या बघता यावं म्हणून पेटी खिडकीत, तिच्या उशाशी ठेवली. ती गेली तेव्हा पेटीत मासे होते. ते जगले आणि ती गेली, याबद्दल सासूबाईंचा माशांवर कायम राग होता.

माझाही होता, पण मी बघत असे. घरात नवं माणूस दुसरं काय करणार? यांचं माशांशी बोलणं चालायचं, आणि पोरगी तिथे बसली की तिला सांगणं चालायचं. त्यातून मलाही समजत गेलं. चंदेरी छोट्या माशांना सोबत लागते. एकटादुकटा ठेवला तर कोपऱ्यात उभा राहून खाणं सोडतो. पाच-सहा एकत्र असले की मजेत फिरतात. मिशीवाले बुडाशी वाळू चाळत राहतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. भांडण असायचं ते एका जातीत. बोटाच्या दोन पेरांएवढा काळपट मासा, रागावला की गडद निळा होणारा. एक दगड, त्या दगडाखालची कपार, समोरची वीतभर वाळू ही त्याची. कुणी तिकडे वळलं की हा धावून जाई. पोरीनं त्याचं नाव ठेवलं होतं पाटील. हे नाव आमच्या वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

"दोन पाटील एका पेटीत टाकले तं एक मरते," हे मला म्हणाले होते. "मले पयल्यांदा समजलं नाई. सकाळी दुसरा उताणा. पर एकट्यालेच ठेवा लागते असं बी नाई. एक पाटील अन् दोन-तीन माद्या राह्यतात सुखानं. पर त्यायले बी सोडाची रीत असते."

ती रीत मी पावसाळ्यानंतर पाहिली. ते डोहावर गेले होते, येताना मातीच्या मडक्यात एक मादी घेऊन आले. फिकट, घाबरलेली, मडक्याच्या बुडाशी चिकटून बसलेली. आल्याबरोबर त्यांनी पेटीत हात घातला आणि पाटलाचा दगड उचलला. मग दुसरा. सगळे दगड बाहेर. वाळू पालथी केली, पाणवनस्पती उपटून दुसऱ्या टोकाला खोचली, मग दगड पुन्हा आत, पण सगळे वेगळ्या जागी. पाटील पेटीभर भेलकांडत फिरत होता. त्याचा निळा रंग उतरून तो मातकट झाला होता. दिवस मावळायला लागला तेव्हा त्यांनी नवी मादी आत सोडली आणि पेटीवर धोतराचा तुकडा टाकला.

पोरगी विचारत होती, "बाबा, दगड काहून हलवले?"

"नाई हलवले तं हा तिले जगू देत नाई. घर याचं, ती उपरी. कोपऱ्यात दाबून मारते. आता यालेच आपलं घर सापडून नाई राह्यलं. दोघंबी नवे. आपापली जागा शोधतेत, अन् तवरक एकमेकाची सवय होते."

मी चुलीपाशी होते. मनगटावर त्याच दुपारचा फोड होता.

"माशासाठी सारं घर बदलता," मी म्हटलं, "अन् माह्यासाठी मिठाचं गाडगं बी हलत नाई."

सासूबाई म्हणाल्या, "काय बोलून राह्यली वं?"

"खरं तेच बोलून राह्यली. मले आनून सोडलं अन् कापड टाकून देलं. दगड तं कोनीच नाई हलवले."

पोरगी उठून बाहेर गेली. यांचा हात अजून ओला होता. त्यांनी तो पंच्याला पुसला, पुन्हा पुसला. मला वाटलं आता ओरडतील. ते खाली बघून बोलले.

"तिचा फोटो नाई माह्यापाशी. सारा गाव फोटो मढवाले माह्याकडे येते. ट्रकवाले येतात, ज्याचा तो देव घिऊन येतात. अन् तिचा एक फोटो काढाचा राहून गेला. हे असं ठेवलं हाय तं वाटते, इथून पानी घेत होती, इथी हात टेकत होती. हलवलं तं मी तिले कुठी पाहू?"

मी इतके महिने समजत होते की या माणसाच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं होतं. त्यांनी ठरवून तसं ठेवलं होतं. मी ज्या खोलीत अडखळत होते तीच त्यांची तसबीर होती. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही गेला नाही. फोड माझ्या मनगटावर होता.

त्यानंतर काही दिवस गेले. मग त्यांनी आईला आणि पोरीला लोहाऱ्याला आपल्या बहिणीकडे पाठवलं. तिच्याकडे बाळाचं नाव ठेवायचं होतं. दोघींना गाडीत बसवून आले आणि आतल्या खोलीत जाऊन ती रिकामी खाट उभी केली. तिचं सुंभ सोडलं, नवं विणलं आणि खाट बाहेरच्या खोलीत आईसाठी टाकली. भांड्यांची फळी काढून समोरच्या भिंतीला ठोकली. खुंट्या उपटल्या, भोकं मातीनं बुजवली. शेवटी चुलीपाशी आले आणि खूप वेळ तिथे उकिडवे बसून राहिले. मग लोखंडी सब्बल घेतली आणि चूल फोडली.

"नवी तू घाल," म्हणाले. "हात तुहा हाय."

मी माती कालवली. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जिथे उजवा हात मोकळा राहील अशी चूल घातली. ते फोडलेल्या चुलीची माती टोपल्यात भरून बाहेर नेत होते आणि प्रत्येक खेपेला परत यायला उशीर लावत होते. मी बाहेर जाऊन बघितलं नाही.

शेवटी काचपेटी राहिली. त्यांनी तिच्या दोन्ही बाजूंना हात लावले.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "तेवढी खिडकी तिची."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात काढले. तेव्हापासून आमचा संसार सुरू झाला असं मी मानते. लग्नाची तारीख वेगळी आहे, ती असू दे.

दोघी परतल्या तेव्हा तिन्हीसांज व्हायची होती. पोरगी उंबऱ्यात थांबली. आधी तिनं खिडकीकडे पाहिलं. पेटी होती. मग ती नेहमीसारखी चुलीच्या जागेकडे गेली. तिथे माझी पत्र्याची पेटी होती. तिचा हात खाली आला आणि तसाच राहिला. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती पिशवीसकट खोलीच्या मधोमध उभी राहिली. आठ वर्षांचं पोर, आई गेली, आता आईची जागाही गेली. आपण काय करून बसलो असं मला वाटलं, आणि यांच्या चेहऱ्यावरही तेच होतं.

सासूबाई बाहेरून ओरडत होत्या, "माह्यं अंथरून कुठी गेलं वं माय?" पाणी प्यायला हे जुन्या जागी गेले आणि भिंतीशी जाऊन थांबले. म्हातारीला पीठ सापडेना, तवा सापडेना, तिनं भाकरीचा नाद सोडला आणि नव्या खाटेवर जाऊन बसली. मी पिठलं केलं होतं. सगळ्यांना वाढलं, पोरीलाही वाढलं. ती प्रवासानं भुकेजलेली होती. ताटासमोर बसली, एक घास घेतला. मी चुलीतल्या विस्तवाकडे बघत होते, तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"मीठ नाई," ती म्हणाली.

ती माझ्याशी बोललेली पहिली गोष्ट ती.

"गाडगं सापडून नाई राह्यलं मले," मी म्हटलं. खोटं बोलत नव्हते. त्या धांदलीत मी ते कुठेतरी ठेवलं होतं आणि विसरले होते.

ती उठली. मीही उठले. फळीवर पाहिलं, कोनाड्यात पाहिलं, माझ्या पेटीमागे पाहिलं. ती खाली वाकून खोक्याखाली बघत होती, मी वर. गाडगं निघालं सुपाखाली. तिला सापडलं. दोन्ही हातांत धरून ती चुलीपाशी आली. चुलीची डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली.

"कुठी ठेवू?"

"तुले हात पुरते तिथी ठेव."

तिनं ते चुलीच्या मागे, बरोबर मध्ये ठेवलं. तिच्या आईची बाजू नव्हे आणि माझीही नव्हे. मग जेवायला बसली आणि ताटातलं सगळं खाल्लं. सासूबाई म्हणाल्या की पिठल्यात तिखट जास्त झालं. त्या रात्री सगळ्यांना झोप उशिरा लागली, कारण कुणाचं डोकं कुठे हे ठरेना.

गाडगं पुढे वर्षानुवर्षं चुलीमागेच राहिलं. पोरीनं मला मावशी म्हणायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत मावशीच म्हटलं. मला त्यात कमी काही वाटलं नाही. मी तिला बोलायची, ती मला उलटून बोलायची, दोघींची तोंडं सारखीच. पाटलाला हलतं-जिवंत खाणं लागे, मेलेलं तो तोंडात धरत नसे, म्हणून आम्ही दोघी रांजणातले आणि डबक्यातले किडे फडक्यानं गाळून आणत असू. तो पाटील मेला, दुसरा आला, त्यालाही पाटीलच म्हटलं. पाटीलकी वंशपरंपरेनं चालू राहिली. नवा मासा आला की दगड हलवायचं काम पोरीचं झालं. सासूबाई गेल्या. पोरगी सातवी झाली, मोठी झाली, आम्ही तिला वणीला दिली. जाताना ती पेटीजवळ उभी राहिली तेवढीच. माझ्या गळ्यात पडली नाही, मीही ओढली नाही. गाडी वळेपर्यंत मात्र खिडकीतून माझ्याकडेच बघत होती.

तिच्या लग्नानंतरच्याच पावसाळ्यात यांना कावीळ झाली. झाडपाला झाला, यवतमाळचा दवाखाना झाला. डोळे पिवळे, मग नखं पिवळी. त्यांनी अर्धी मढवलेली तसबीर टेबलावर तशीच राहिली, तिच्या शेजारी काच कापायची हिरकणी, खिळ्यांचा डबा, सरसाची वाटी. ते परत त्या टेबलाशी बसले नाहीत.

पोरगी आली. ते गेल्यानंतरच्या जलदान विधीपर्यंत राहिली, नंतरही थोडी राहिली. तिनं टेबल पुसायला घेतलं तर मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. तिनं त्यांची वहाण कोपऱ्यात सारली, मी ती पुन्हा दाराशी आणून ठेवली. ते बसायचे तिथलं पोतं मी कुणाला उचलू देत नव्हते. जेवायला बसले की त्यांच्या जागेकडे नजर जाई आणि घास फिरे. साऱ्या गावाच्या तसबिरी मढवणाऱ्या माणसाचाही फोटो आमच्याकडे नव्हता. मला तेव्हा जाणवलं नाही की मी काय करत होते. पोरीला जाणवलं असावं. ती आठ वर्षांची असताना याच घरात गाडगं उचलून परत ठेवत होती.

तिला दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. दुपारी म्हणाली, "मावशी, पाटलाले खायाले नाई. डोहावरून किडे घिऊन ये."

"रांजनात हायेत की."

"रांजनातले सरले. तू जाय."

मी गेले. डोहाच्या कडेला बराच वेळ बसले. फडक्यात किडे गाळून परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. उंबऱ्यात पाय ठेवला आणि थांबले. यांचं पोतं नव्हतं, वहाणा नव्हत्या. टेबल स्वच्छ, रिकामं, रस्त्याच्या बाजूला ओढलेलं, आणि त्याच्यावर माशांची काचपेटी. आत फळी दुसऱ्या भिंतीला. चूल तेवढी जागची होती, बाकी काही जागचं नव्हतं. आणि खिडकीत, जिथे मी स्वतः त्यांना हात लावू दिला नव्हता, तिथे माझी खाट. अंथरूण घालून, उशी ठेवून. पोरगी हातपाय धूत होती.

"खिडकीपाशी झोपत जाय," म्हणाली. "हवा येते."

मी चिडणार होते. तोंडापर्यंत शब्द आले होते. मग ती खिडकी कुणाची ते आठवलं, आणि ती मला कोण देत होती तेही. मी किड्यांचं फडकं तिच्या हातात दिलं.

सकाळच्या गाडीनं ती गेली. संध्याकाळी मी मूठभर डाळ शिजवली आणि मीठ घालायला हात मागे नेला. गाडगं चुलीमागे नव्हतं. डावीकडे नव्हतं, उजवीकडे नव्हतं. फळीवर पाहिलं, सुपाखाली पाहिलं, पत्र्याच्या पेटीमागे पाहिलं. तिच्या नावानं बोटं मोडली. डाळ गार झाली. तेवढा वेळ मी त्यांच्या जागेकडे एकदाही पाहिलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. शेवटी गाडगं सापडलं, खिडकीच्या कोनाड्यात, माझ्या उशाशी. तिथे कुणी मीठ ठेवत नाही. मी गाडगं मांडीवर घेऊन तिच्या आईच्या जागी बसले आणि ते गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले. मग उठले, डाळीत मीठ घातलं आणि जेवले.